घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे कुपोषण कसे ओळखावे आणि आहार कसा सुधारावा

पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड, कर्करोग किंवा क्षयरोग यांमुळे घरी शुश्रूषा घेणारा रुग्ण वेळच्या वेळी जेवण मिळूनही कुपोषित होऊ शकतो, कारण आजारी माणसाला हलकेच द्यावे या समजुतीने त्याला भाताची पेज, वरणाचे पाणी आणि मोसंबीचा रस यांवरच आठवडेच्या आठवडे ठेवले जाते. त्याने पोट भरते, प्रथिने मात्र नाममात्रच मिळतात. मग स्नायू झिजतात आणि पाठीवरचे शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, भरून येत नाहीत.

सुरुवात मोजमापाने करावी. रुग्ण उभा राहू शकत असेल तर महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन घ्यावे. 60 किलो वजनाचा माणूस तीन ते सहा महिन्यांत कारणाशिवाय 3 किलोने घटला तर सावध व्हावे. 6 किलोने घटला तर ती गंभीर बाब समजावी. उभे राहणे शक्य नसेल तर शिलाईच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा. तो 23.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास वजन बहुधा कमीच असते. पक्षाघात झालेली बाजू सोडून दुसऱ्या बाजूचा दंड घ्यावा आणि पुढेही तोच मोजावा. पायांवर सूज असेल तर काट्यावर मुळीच विसंबू नये, कारण साठलेल्या पाण्याच्या वजनात झीज लपून जाते.

त्यानंतर सलग तीन दिवस, ताटात वाढलेल्यापैकी किती उरले हे लिहून ठेवावे. रुग्ण कमी जेवत असेल तर आग्रह करण्याआधी कारण शोधावे. सैल झालेली कवळी, तोंडातील पांढरे चट्टे, बद्धकोष्ठता, मनाची उदासी, भूक मारणारे एखादे औषध, यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो आणि तो झाल्यावर जेवण आपोआप वाढू शकते.

आहार सुधारताना ताट मोठे न करता प्रत्येक घास सकस करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आजारी वृद्धाला साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला किमान 60 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळपास तितकीच असतात. म्हणून वरणाचे पाणी न देता घट्ट वरण मऊ भातात कालवावे व त्यावर तूप घालावे, नाचणीची खीर दुधात शिजवून तीत दुधाची पावडर मिसळावी, आणि उपम्यात किसलेले पनीर किंवा बारीक केलेले उकडलेले अंडे घालावे. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे आणि मधुमेह असल्यास पिष्टमय पदार्थांचे प्रमाण डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

भरवताना रुग्णाला ताठ बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. घास गिळताना ठसका लागत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते; अशा वेळी भरवणे थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

क्षयरुग्णाची नोंदणी झालेली असेल तर निक्षय पोषण योजनेची, म्हणजे क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी मदतीची, रक्कम त्याच्या खात्यात येते की नाही हे आरोग्य केंद्रात विचारावे. नोव्हेंबर 2024 पासून ती दरमहा 1000 रुपये आहे.

एक धोका मात्र घरच्यांना सहसा माहीत नसतो. पाच दिवसांहून अधिक काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घातल्यास रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊन हृदयाची लय बिघडू शकते. असा रुग्ण आधी डॉक्टरांना दाखवावा, आणि आहार त्यांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, टप्प्याटप्प्याने वाढवावा.