जिनिंगच्या शाफ्टवरून आयुध कारखान्याच्या जॉबकडे

हिंगणघाट, वणी, आर्वीकडच्या ज्या लेथवर जिनिंगचे शाफ्ट निघतात, त्याच लेथवर आयुध कारखान्याच्या पिना, बुश आणि फिक्श्चरही निघतात. गाडं अडतं ते मोजमापात आणि कागदात. भंडारा व भद्रावतीचे आयुध कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे, तर अंबाझरीचा यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

आधी लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी करा. ती फुकट होते, एजंटाची गरज नाही. काम 'उत्पादन' असंच नोंदवा. 'व्यापार' लिहिलंत तर बयाणा रकमेची सूट गेली आणि लघुउद्योगांसाठीच्या २५ टक्के सरकारी खरेदीतला हक्कही गेला. मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खातं उघडा. संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर आयात बंद करून देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी मिळते. त्यातलं आपल्या मशीनवर बसेल तेवढंच निवडा.

आता ड्रॉइंग. २५ मिमी, h7 (लहान एच, म्हणजे शाफ्टची मुभा) असं लिहिलं असेल तर शाफ्ट २५.००० ते २४.९७९ मध्येच हवा. म्हणजे सारी मुभा २१ मायक्रॉनची (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी). इथे व्हर्नियर चालत नाही, मायक्रोमीटर घ्या आणि एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, करून घ्या. विदर्भातला उन्हाळा इथेही आडवा येतो. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, तपासणीच्या खोलीपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर थंड झाल्यावर तो सुमारे ७ मायक्रॉन बारीक होतो. गरम असताना २४.९८२ भरलेला शाफ्ट तिथे २४.९७५ भरतो आणि परत येतो. जॉब रात्रभर निवू द्या, सकाळी मोजा.

भंगारातला रॉड कितीही चांगला असो, हीट नंबरासह (पोलाद ओतलेल्या घाण्याचा क्रमांक) मिलचं प्रमाणपत्र नसेल तर माप अचूक असूनही माल नाकारला जातो. दुकानदाराकडून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्वतःचं नवं यंत्र, समजा फवारणीच्या ड्रोनचं सैन्याला चालेल असं रूप, काढायचं असेल तर संरक्षण खात्याची आयडेक्स ही अनुदान योजना आहे. अनुदान दीड कोटीपर्यंत मिळतं, पण प्रकल्पाच्या निम्म्या खर्चापर्यंतच. उरलेला निम्मा तुमचा. शेत गहाण टाकून यात उतरू नका.

माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, त्यासाठी माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवा.