मुलांचं लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा

नवीन देशात पहिला महिना घर, बँक आणि फोन यांच्या खटपटीत जातो. लसींची आठवण होते ती शाळेचा फॉर्म हातात पडल्यावर. आम्ही अडकलो ते हेपटायटिस बी या एकाच ओळीवर, म्हणून तेवढ्याबद्दलच लिहितो.

मुलीच्या कार्डावर हे नाव एकदाच होतं, जन्माच्या दिवशी. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना नुसतं 'पेंटा'. नर्सने एकच डोस धरला. बरं, चूक तिची तरी कशी म्हणणार? पाच रोगांवरच्या एकत्रित लसीला पेंटाव्हॅलंट म्हणतात, पण ते पाच रोग सगळीकडे सारखे नसतात. काही पेंटामध्ये हेपटायटिस बी असते, काहींत नसते. तेव्हा निघण्याआधी प्रत्येक लसीचं पूर्ण नाव आणि तीत काय काय होतं, हे डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. तारखेतला महिना अक्षरांत हवा. ५/८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, यावर आम्ही काउंटरवर दहा मिनिटं घासाघीस केली आहे.

एवढं करूनही एखादा डोस बाद होऊ शकतो. काही देशांत बाळ २४ आठवड्यांचं होण्याआधी दिलेला डोस शेवटचा म्हणून चालत नाही. मग १४ आठवड्यांना सगळं उरकलेलं मूल तिथे 'अपूर्ण' ठरतं. वाद घालू नका, एक डोस घेऊन टाका. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. मात्र 'मध्ये फार खंड पडला, पहिल्यापासून सुरू करू' असं कुणी म्हणालं तर जरूर विचारा. खंड कितीही पडला तरी आधीचे डोस वाया जात नाहीत.

आता टायटर. लसीनंतर तयार झालेल्या अँटिबॉडी रक्तात मोजतात. १० किंवा जास्त आलं की संरक्षण आहे असं मानतात. पाच वर्षांच्या आमच्या लेकीचं ६ आलं आणि बायकोची रात्रीची झोप उडाली. खरं तर तान्हेपणी लस घेतलेल्या मुलांत हा आकडा काही वर्षांत खाली येणं नेहमीचंच आहे. आकडा उतरतो, पण शरीराची ओळख पुसली जात नाही. या विषाणूला आजार उभा करायला दीड ते पाच-सहा महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी जाग्या होऊन अँटिबॉडी पुन्हा भराभर तयार करतात. म्हणूनच निरोगी मुलांचं टायटर एरवी तपासत नाहीत.

आईला हेपटायटिस बी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहातल्या जवळजवळ नऊ बाळांत ती कायमची राहते. त्यामुळे अशा बाळाला २४ तासांच्या आत लस लागते, शक्य तिथे सोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही. डोस पूर्ण झाल्यावर साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयात त्याचं रक्त तपासतात: लागण झाली का आणि टायटर किती. घर बदलण्याच्या धांदलीत नेमकी हीच तपासणी राहून जाते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना स्वतःहून सांगा, लाजू नका.

आणि रक्त द्यायचंच असेल तर लस टोचण्याआधी द्या. लसीत विषाणूच्या आवरणाचं प्रथिन असतं, ते पुढचे दोन-अडीच आठवडे रक्तात सापडू शकतं आणि धडधाकट मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो.