शॉकअप नाही, साधा चिमटा: टेकडीवर सायकल न्यायच्या आधीची तयारी

रविवारी पहाटे टेकडीवर सायकल न्यायचं ठरलंय आणि सायकलला पुढे शॉकअप नाहीये, साधा सरळ चिमटा आहे, हल्ली ज्याला रिजिड फोर्क म्हणतात तो, तर तयारीला शनिवारी संध्याकाळीच बसा, पहाटे पाचला डोळे चोळत काही नीट बघून होत नाही. मी सहा वर्षं अशाच सायकलवर पुण्याची वेताळ टेकडी, तळजाई आणि बोपदेव घाटाच्या वरच्या कच्च्या वाटा फिरतोय, आणि दरवर्षी पाऊस उघडला की दोन-चार जण तरी विचारतातच की काय काय बघून निघायचं, म्हणून या वेळी सगळं एका दमात लिहून ठेवतोय. शॉकअप जे काम करतो ते आपल्याकडे तिघांनी वाटून घ्यायचं असतं, पुढचा टायर, आपले कोपर आणि आपली नजर, पुढची सगळी तयारी या तिघांचीच आहे. कोणी म्हणालं की शॉकअपशिवाय डोंगर उतरता येत नाही तर मनावर घेऊ नका, कॅलिफोर्नियाच्या मरीन भागातली पोरं १९७६ साली जाड टायरच्या जुन्या सायकलींवर डोंगर उतरायच्या शर्यती लावत होती, शॉकअपचे फोर्क बाजारात आले ते १९९० च्या आसपास.

आधी चिमटाच बघा. सायकल कंपनीतूनच अशी आली असेल तर ठीक, पण शॉकअप काढून मागाहून साधा चिमटा बसवला असेल तर त्याची लांबी मोजा, चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून वर चिमटा जिथे फ्रेमच्या नळीखाली टेकतो तिथपर्यंत. १०० मिमी शॉकअपसाठी बनलेल्या २९ इंची फ्रेमला साधारण ४७० ते ४९० मिमीचा चिमटा लागतो, जुन्या २६ इंची सायकलींचे चिमटे ४०० ते ४१० मिमीचे असायचे आणि ते दिसायला सारखेच दिसतात. मी पहिल्यांदा असाच आखूड चिमटा बसवून घेतला, दुकानात म्हणाले बसतो, आणि बसलाही, पण पहिल्याच उतारावर हँडलवरून पुढे जाईन असं वाटायला लागलं आणि पायडल दर दोन दगडांमागे एका दगडाला लागत होतं. लांबी २० मिमीने कमी झाली की हँडल ज्या नळीत वळतं तिचा कोन जवळजवळ एका अंशाने उभा होतो, सायकल पुढे झुकते आणि पायडलचा मधला भागही खाली येतो, तेव्हा बसतोय यावर जाऊ नका, टेप लावा. चिमट्याची वरची नळी सरळ आहे की खाली जाड होत जाणारी, डिस्क ब्रेकची जागा कुठल्या पद्धतीची, ॲक्सल कुठला, हे तिन्ही घेतानाच जुळवून घ्या. मग ओल्या फडक्याने चिमटा पुसून काढा आणि उजेडात वरचा सांधा, ब्रेक बसतो ती जागा आणि चाक अडकतं ती टोकं नीट बघा, नख फिरवून बघा. स्टीलवर रंगाला केसाएवढी भेग दिसली किंवा गंजाची बारीक रेघ दिसली की त्या सायकलवर टेकडी नाही, रस्त्यावरही नाही. कार्बन असेल तर खोल ओरखड्यालासुद्धा तोच नियम.

आता हवा. खरं सांगायचं तर सगळ्या यादीतून एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा. आपल्याकडे पंक्चरवाल्या काकांना हवा भरायला सांगितली की ते प्रेमाने टायर दगडासारखा टणक करून देतात, रस्त्यासाठी ते बरोबरच आहे, पण तसा टायर घेऊन मुरमाच्या उतारावर गेलात तर पुढचं चाक प्रत्येक खड्यावरून उडतं, जमीन धरतच नाही, आणि सगळे धक्के मनगटातून खांद्यापर्यंत येतात. पुढे फ्रेम आणि चिमट्यात मावेल तेवढा रुंद टायर घाला, २.३ किंवा २.४ इंची, दोन्ही बाजूंना आणि वर निदान ५-६ मिमी फट राहिली पाहिजे कारण तिथे खडा अडकला तर चाक जाम होतं. माझं वजन ७२ किलो आहे, २९ इंची २.४ चा ट्यूबलेस टायर, त्यात मी पुढे १९ आणि मागे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त ठेवा, नाहीतर दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. माझा आकडा जसाच्या तसा उचलू नका, स्वतःचा शोधा: २५ पासून सुरू करा, घराजवळचा दोनशे मीटरचा खडबडीत पट्टा ठरवा, तोच पट्टा त्याच वेगाने परत परत चालवा आणि दर फेरीला दोन-दोन पीएसआय सोडत जा, एका फेरीला तुम्हाला कळेल की हँडलची खडखड एकदम मऊ झाली, आवाजसुद्धा बदलतो, कटकट जाऊन फरफर येते. त्याच्याही खाली गेलात तर दगडावर रिम ठक्कन लागेल किंवा वळताना टायर अंगाखालून दुमडल्यासारखा वाटेल, तिथून दोन पीएसआय वर या, तो तुमचा आकडा. टायरवर आणि रिमवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडायची नाही. बोटाने दाबून हा फरक कळत नाही, मला अजून कळत नाही, छोटा डिजिटल गेज घ्या आणि निघायच्या आधी थंड टायरमधे मोजा. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं आतलं पातळ द्रव, दर दोन-तीन महिन्यांनी तपासा, पुण्याच्या उन्हाळ्यात ते वाळून टायरच्या आत पापुद्रे होतात, आणि टेकडीवर बाभळीचे काटे एवढे आहेत की कोरड्या टायरचा निभाव लागत नाही.

मग आवळाआवळी. शॉकअप नसलेल्या सायकलचं सगळं अंग थरथरतं आणि थरथरीने सगळं हळूहळू सैल होतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याच्या फटीवर ठेवा आणि सायकल मागेपुढे हलवा, बोटांना टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, सैल आहे, घट्ट करून घ्या, पण एवढाही नाही की हँडल आपोआप वळायचं थांबेल. स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट त्यावर लिहिलेल्या जोरानेच आवळा, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर असतं. डिस्कचे बोल्ट बघा, बाटलीच्या जाळीचे बोल्ट बघा आणि त्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद, लावून टाका. पुढचं चाक फिरवून आऊट आहे का, म्हणजे डावीउजवीकडे डुलतंय का, बघा आणि तारा दोन बोटांनी छेडा, एखादी तार इतरांपेक्षा ढब्ब वाजली की ती सैल आहे. चाकाचं हे मात्र आधीच बघा आणि आऊट काढायला सायकलवाल्याकडे शुक्रवारीच द्या, शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गर्दी असते.

बाटलीवरून आठवलं, पाणी जाळीत ठेवू नका. खाणीच्या बाजूच्या उतारावर माझी भरलेली बाटली उडून खाली गेली आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली आली, तो थोडक्यात वाचला. पाठीवरची पाण्याची पिशवी घ्या, दीड-दोन लिटरची, ऑक्टोबरच्या उन्हात तेवढं लागतंच.

हातांची काळजी लोक सगळ्यात कमी घेतात आणि बोलायला लागतात ते करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झाल्यावर. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते, तिच्यावर तासभर दाब आणि थरथर पडली की मुंग्या येतात, आणि त्याकडे दुर्लक्ष करून रोज चालवत राहिलात तर ते आठवडे-आठवडे टिकतं. जाड मऊ सिलिकॉनच्या ग्रिप घाला, पातळ गादीचे हातमोजे घाला, फार जाड गादीचे नको कारण मग मूठ जास्त आवळावी लागते. ब्रेकचे दांडे एका बोटाने ओढता येतील एवढे आत घ्या आणि कोन असा ठेवा की मनगट मोडणार नाही, हात सरळ रेषेत हवा. आणि हँडल घट्ट धरायची सवय सोडा, उतारावर पियानो वाजवल्यासारखी बोटं हलवून बघा, हलत नसतील तर पकड जास्त आहे.

सीट उतारासाठी चार-पाच सेंटीमीटर खाली घ्यायची, चढाचा मार्क सीटच्या दांड्यावर टेप लावून ठेवा म्हणजे परत लावताना अंदाज लागतो.

अंगाची तयारी सोसायटीच्या रस्त्यावर होते. स्पीडब्रेकर घ्या, दोन्ही पायडल एका पातळीत, बूड सीटवरून उचललेलं, कोपर बाहेर आणि वाकलेले, गुडघे सैल, आणि सगळं वजन पायात. चाक स्पीडब्रेकरला लागेल तेव्हा हँडल छातीकडे येऊ द्या आणि पलीकडे उतरताना हात लांब करत चाक खाली सोडा, डोकं एका उंचीवर राहिलं पाहिजे, कोणाला तरी बाजूने मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, डोकं वर-खाली होताना लगेच दिसतं. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. ब्रेकचंही इथेच शिकून घ्या: खडबडीत जागेच्या आधी ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि दगडांवर पोचेपर्यंत पुढचा ब्रेक सोडून द्यायचा, कारण ब्रेक लागलेलं चाक दगडावर चढत नाही, अडकतं. मी एकदा कोरड्या खडीवर घाबरून वळणातच पुढचा दाबला, चाक बाजूला सरकलं आणि उजवा कोपर पूर्ण सोलून निघाला, त्या दिवशी कोपराचं पॅड घरी खुंटीला होतं. हेल्मेट, गुडघ्याचं पॅड, कोपराचं पॅड हे तिन्ही सायकलच्या हँडललाच अडकवून ठेवा शनिवारी रात्री.

वाट निवडताना ऋतू बघा. भर पावसात आपला काळा पाषाण शेवाळाने बुळबुळीत होतो आणि मऊ पायवाटेवर चाकाच्या चऱ्या पडून वाट खराब होते, म्हणून दोन दिवस कोरडे गेल्याशिवाय जाऊ नका. सासवडकडच्या काळ्या मातीत तर पावसात सायकल नेऊच नका, चिमट्यात चिखल भरून चाक फिरायचं थांबतं. दिवाळीच्या आगेमागे मुरूम दाबून बसलेला असतो, पकड छान मिळते, शॉकअप नसलेल्या सायकलला यासारखा काळ नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गिरीपुष्पाची पानगळ होते आणि पानांखाली दगड दिसत नाहीत. एप्रिल-मेमधे कडक जमिनीवर सुटे खडे असतात, हरभरे सांडल्यासारखे, तिथे वेग अर्धा. पहिल्यांदा जाताना वाट आधी पायी चालून या, खरंच या, जिथे धोंडे मोठे आहेत आणि कुठून चाक काढायचं ते चालताना जसं दिसतं तसं सायकलवरून दिसत नाही. वेताळ टेकडीवर एआरएआय या गाड्यांच्या संशोधन संस्थेच्या बाजूने डांबरीने वर जा म्हणजे अंग तापतं, मग पठारावरच्या सपाट वाटांवर अर्धा तास हात सैल करा आणि मगच उतार. नजर चाकाच्या पुढे पाच-सहा मीटर, चाकाकडे बघायचं नाही.

टेकडीवर सकाळी आजी-आजोबा फिरायला येतात, लहान मुलं असतात, मोर असतात, आणि आपण त्यांच्या वाटेवर आलेलो असतो. हँडलला एक साधी घंटी लावा, लांबूनच वाजवा, जवळ आल्यावर वेग पायी चालण्याइतका करा आणि नमस्कार करून पुढे जा. वनखात्याची पाटी किंवा रखवालदार नाही म्हणाला तर वाद न घालता मागे फिरायचं.

पिशवीत काय काय: एक ट्यूब, ट्यूबलेस असलात तरी, छोटा पंप, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, ॲलन कीचा जुडगा, चेन जोडायची एक कडी, जखमेला पट्टी आणि जंतुनाशक, थोडी चिक्की किंवा खजूर, आणि एका कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर. फोन चार्ज, ११२ आणि १०८ दोन्ही लक्षात, आणि कुठल्या बाजूने चढणार आणि किती वाजता परत येणार हे घरी सांगून निघायचं. पहिल्या चार-पाच वेळा एकटं जायचं नाही.

परत आलात की अंघोळीच्या आधी पाच मिनिटं सायकलला द्या. चिमटा परत पुसा, नख फिरवा, टायरमधले काटे बारीक पकडीने काढा, ट्यूब असेल तर काटा काढल्यावर टायर आतून बोटाने चाचपा कारण मोडलेलं टोक आतच राहतं. आणि एका वहीत लिहून ठेवा, तारीख, वाट, जमीन ओली की कोरडी, पुढे किती हवा, मागे किती, हात किती वेळाने दुखले. माझ्या वहीत मेमधल्या तळजाईला पुढे १८ लिहिलंय आणि नोव्हेंबरला २०, पुढच्या मेला मी सरळ १८ भरून निघणार आहे.