घरकुल कर्जात न बुडता पुरं कसं करायचं

मी औसा तालुक्यातला गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं नवी गावं बांधायला घेतली, तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पाट्या उचलता उचलता हातात थापी आली, ती आजवर आहे. आता माझं निम्मं काम घरकुलांचं असतं, आणि अर्धवट घरकुल दिसलं की जीव तुटतो. लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पट्ट्यापर्यंत भिंती, वर आभाळ, आणि शेजारी पत्र्याच्या खोपटात माणसं. मी पाहिलेली बहुतेक घरं आखणीच्या दिवशीच अडकली होती. म्हणून हे सगळं चुना टाकायच्या आधी वाचा.

आधी पैसा मोजा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागाला १ लाख २० हजार मिळतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८,०८० होते. शौचालयाचे १२ हजार. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना राज्य सरकारनं वर ५० हजार दिले आहेत, पण त्यातले १५ हजार सौर पॅनलचे, ते विटांत धरू नका. म्हणजे बांधकामाला हातात येणारे १ लाख ९५ हजार. तेही हप्त्या-हप्त्यानं, झालेल्या कामाचा फोटो ऑनलाइन चढल्यावर. पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. त्यात जोतं होत नाही, हे आधीच धरून चाला.

मजुरीचे पैसे लोक फुकट घालवतात. जॉबकार्ड नसतं, किंवा पाया खोदून झाल्यावर रोजगार सेवकाला, म्हणजे गावात रोजगार हमीची नोंद ठेवणाऱ्या माणसाला, शोधत फिरतात. मस्टर, म्हणजे मजुरीचा हजेरीपट, निघाल्याशिवाय कुदळ मारू नका. अठ्ठावीस हजार म्हणजे तुमच्या भिंतींच्या विटा आहेत.

आता आकार. योजनेला २५ चौरस मीटर लागतं, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. एवढंच बांधा. आमच्या शेजारच्या गावात एका भावानं ‘आता बांधतोच आहे तर’ म्हणत साडेपाचशे फुटांचं जोतं घातलं. दुसरा हप्ता जोत्यातच गेला. बायकोच्या कानातलं गहाण पडलं आणि तीन वर्षं भिंती लिंटलवर उभ्या होत्या. मी तिथं कामाला होतो, आणि त्या दिवशी ठामपणे नाही म्हणालो नाही, ही खंत अजून आहे. आता मी सरळ सांगतो: दोन खोल्या आणि ओटा आज करा. पोराच्या लग्नाची खोली पोराच्या कमाईतून होईल, फक्त तिची जागा आज सोडून ठेवा.

जागा नसेल तर धीर सोडू नका. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे. जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा नावावर आहे का, ते मंजुरीआधी बघा. भावकीत वाटणी तोंडी झाली असेल तर ती कागदावर आणा. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर घ्या, योजनेलाही तेच हवं असतं.

पाया हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. मळ्यात बांधणार असाल तर खाली काळी माती आहे. पावसात फुगते, चैत्रात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेली भिंतही तसंच करते. मुरूम लागेपर्यंत खोदा. फारच खोल गेला तर पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला खड्डा दाखवून पुढचं ठरवा, अंदाजानं भरू नका. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत वेगळी भानगड असते. जुन्या वाड्यांखाली धान्याची पेवं, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारं असायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठं पेव होतं ते. मी एका आजीच्या सांगण्यावरून भिंत चार फूट सरकवली आहे.

पायासाठी दगड विकत आणू नका. तुमचं पडकं माळवद, म्हणजे दगडी भिंतींचं, मातीच्या छताचं जुनं घर आहे ना? भूकंपात त्या दगडानं माणसं मारली, म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत. पण तो चिखलात रचला होता, भिंत आरपार बांधणारे लांब दगड नव्हते, आणि डोक्यावर मातीचं ओझं होतं. तोच दगड जमिनीखाली सिमेंटमध्ये नीट बसवला की पाया पक्का होतो आणि पहिल्या हप्त्यावरचा ताण उतरतो. माळवदाच्या सागवानी चौकटी, दारं, कड्या जपून काढा. आजच्या बाजारात तसं लाकूड परवडणार नाही.

वाळूचं ऐका. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू रॉयल्टीशिवाय मिळते. वाहतूक तुमची. तहसीलचा पास हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर भरू नका. विटा, सिमेंट, सळई मात्र एकट्यानं आणू नका. गावात आठ-दहा घरकुलं एका यादीत मंजूर होतात. सगळ्यांनी मिळून एक गाडी मागवली की दुकानदार भाव सोडतो आणि भाडं वाटलं जातं. बचत गटाच्या बायका हे हिशेब पुरुषांपेक्षा चोख ठेवतात, त्यांच्याकडं द्या. कुणी अख्खं घर ठेक्यानं मागितलं तर देऊ नका. योजनेत ठेकेदाराला जागाच नाही.

कुठं वाचवायचं नाही, तेही सांगतो. जोत्यावर, लिंटलला आणि छताखाली असे तीन पट्टे, चारी भिंतींवरून अखंड फिरलेले, तीन इंच जाड, आत दोन सळ्या. कोपऱ्यांत उभी सळई. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट लांब. याला काही हजार जास्त लागतात. आमच्या भागात ते कापणाऱ्या गवंड्याला कामावरून काढा. पैसे वाचवायचे तर बाहेरची रंगरंगोटी, ग्रॅनाइटचा ओटा, नक्षीचं गेट पुढं ढकला.

काम दिवाळीनंतर धरा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वैशाखात बांधलेल्या भिंतीला पाजायला पाणी कुठून आणणार? मार्गशीर्ष-पौषात विहिरीला पाणी असतं, ऊन मवाळ असतं. पट्टे आणि भिंती निदान सात दिवस ओल्या ठेवा, गोणपाट लावून. स्लॅबला मातीची आळी करून दोन आठवडे पाणी साठवा. पाणी न पाजलेलं सिमेंट म्हणजे पोत्यानं विकत घेतलेली राख.

छतावर सगळ्यांचं मन अडतं. स्लॅबच हवा, कारण शेजाऱ्यानं घातला. हप्ता आणि घरची बचत पुरत असेल तर जरूर घाला. नसेल तर छताखालचा पट्टा पुरा करून वर चांगल्या जाडीचे पत्रे लोखंडी पाइपांवर नटबोल्टनं कसा. भिंती नऊ इंची ठेवल्या तर पुढं कधीही पत्रे उतरवून स्लॅब घालता येतो. मे महिन्यात तापतं, हे खरं. पत्र्याखाली कडब्याच्या पेंढ्या लावू नका, आगीचं भय असतं. वरून पांढरा चुना मारा आणि पूर्व-पश्चिम भिंतीला वर झरोके ठेवा.

पट्ट्यांच्या सळ्या पुढच्या खोलीच्या बाजूला दोन फूट बाहेर काढून ठेवा, म्हणजे जोडकाम पक्कं होईल. त्यांना सिमेंटचं पाणी लावून वर जुनं पोतं बांधा. दर पावसाळ्याआधी ते पोतं सोडून बघा. गंज दिसला तर तारेच्या ब्रशनं घासून पुन्हा सिमेंटचं पाणी लावा.