नंबर म्हणजे गाडी नव्हे! जुन्या रॅली मिनीचा इतिहास शोधताना या चुका टाळा

महिन्याला निदान दोन तरी मेसेज येतात. "दादा, १९६५ ची मिनी कूपर एस बघितली. वर्क्स कार आहे म्हणतात. नंबर गूगलवर टाकला तर माँटे कार्लोचे फोटो आले! टोकन देऊन टाकू का?" सोबत गाडीचे तीन फोटो, तिन्ही समोरून, तिन्हींत दिवे चकचकीत.

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण गेली वीस वर्षं शनिवार-रविवार साठच्या दशकातल्या छोट्या रॅली गाड्यांखाली आडवा पडलेला असतो. इतक्या वर्षांत माणसं बदलली, चुका त्याच राहिल्या. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

नवख्यांसाठी थोडक्यात: वर्क्स कार म्हणजे खुद्द कंपनीने स्पर्धेसाठी तयार केलेली गाडी. मिनीच्या बाबतीत कंपनी बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, आणि तिचा स्पर्धा विभाग इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी. १९६४ ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी जिंकली, १९६५ ची टिमो मॅकिनेन आणि पॉल ईस्टर यांनी, १९६७ ची राउनो आल्टोनेन आणि पुन्हा लिडन यांनी. या तिन्ही विजेत्या गाड्या, ३३ ईजेबी, एजेबी ४४बी आणि एलबीएल ६डी, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. तेव्हा यांतली एखादी कुणी तुम्हाला विकत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

चूक पहिली: नंबर जुळला म्हणजे गाडी सापडली

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला वाटतं, नंबर गाडीला जन्माचा चिकटलेला असतो. इंग्लंडमध्ये तसं नाही. इथे नंबर रीतसर विकला जातो आणि दुसऱ्या गाडीवर चढतो. पण तो आजचा बाजार झाला. ॲबिंग्डनला त्या काळीच याहून मोठा घोळ होता. एक दणकट रॅली झाली की मिनीचा शेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, पिळवटून निघायचा. गाडीची परदेशी जायची कागदपत्रं मात्र त्याच नंबरची तयार असायची. मग नवा शेल घ्यायचा, कामाचे भाग त्यात चढवायचे आणि जुनी नंबरप्लेट लावून पुढच्या रॅलीला पाठवायचं. त्यांना पुढची स्पर्धा जिंकायची होती. साठ वर्षांनी कुणी सांगलीकर टॉर्च घेऊन खाली शिरेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पुण्यात वाडा पाडतात, सहा मजली इमारत उभी राहते आणि फाटकावर 'मातृछाया' ही जुनीच पाटी लावतात. पत्ता तोच, पोस्टमनही तोच. म्हणून काय आजोबांची माडी आत आहे?

आता लेस्टरच्या डॉक्टरांची गोष्ट. मूळचे मिरजेचे, माणूस सज्जन, पण उतावळा. २०११ साली त्यांनी एक लाल मिनी घेतली आणि मग मला फोन केला. आधी घेतली, मग फोन. हा क्रम लक्षात ठेवा. "अहो, फाइल बघा फाइल, चार इंच जाड आहे!" फाइल खरंच जाड होती. रॅलीचे फोटो, मासिकांतली कात्रणं, एका वयस्क ड्रायव्हरची सही, आणि गाडीने भाग घेतलेल्या स्पर्धांची टाइप केलेली यादी. नंबर अस्सल. त्या नंबरची गाडी ॲबिंग्डनने खरोखर पळवली होती, याबद्दल मलाही शंका नव्हती.

मी फाइल बाजूला ठेवली आणि खाली शिरलो. रॅलीच्या गाडीला भोकं असतात. हाल्डा नावाच्या अंतरमापकाची केबल, जादा दिव्यांच्या तारा, इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, अग्निशामकाचा पट्टा, नकाशा वाचायचा दिवा, हे सगळं बसवायला कुणीतरी शेलला ड्रिल लावलेलं असतं. पुढे कुणी ती भोकं बुजवतो, पण उलट्या बाजूने हात फिरवला की बोटाला कळतं. डॉक्टरांच्या गाडीला भोकं होती, हवी तिथेच होती. मी भिंग लावून त्यांच्या कडा पाहिल्या. जुन्या भोकाच्या कडेवर रंगाचे थर आतल्या बाजूला ओघळलेले दिसतात, कारण भोक आधीचं आणि रंग नंतरचा. इथे उलटं होतं. वरचा लाल, त्याखाली राखाडी प्रायमर, त्याखाली पत्रा, सगळं सुरीने केक कापावा तसं स्वच्छ. म्हणजे भोक रंगाच्या नंतरचं, आणि रंग तर फार जुना नव्हता.

मग डॅशबोर्डच्या मागे, जिथे रंगाऱ्याचा हात कधी पोचत नाही, तिथे नखाने खरवडलं. लालच्या खाली बदामी हिरवा. मिनी कूपरचा हा सुंदर, नेहमीचा शोरूमचा रंग. ॲबिंग्डनच्या मिनी लाल, वर पांढरं छप्पर.

डॉक्टर म्हणाले, "पण त्यांनीच नंतर शेल बदलला असेल ना? तुम्हीच सांगता, बदलायचे म्हणून." बरोबर आहे! आणि नेमक्या याच वाक्यावर हा सगळा बाजार चालतो. शेल बदलला असेल, तर कोणी, कधी, कुठे, याचा कागद हवा. डॉक्टरांच्या फाइलमध्ये मूळ गाडी विकल्यापासून पुढची कितीतरी वर्षं काहीच नव्हतं, आणि मग अचानक एक जीर्णोद्धाराचं बिल. मधल्या काळात कुणीतरी मोडक्या गाडीचा नंबर आणि चेसी नंबरची पट्टी जपून ठेवली असावी आणि बाकीची भंगारात गेली असावी, असं मला वाटतं. ती पट्टी बॉनेटखाली असते आणि ती काढायला मेकॅनिक लागत नाही.

हे सांगितल्यावर डॉक्टरांच्या पत्नीने चहा आणला आणि कुणीही बराच वेळ बोललं नाही. त्या यादीवरून शेवटची नजर फिरवताना मला चौथी ओळ दिसली: 'आरएसी रॅली, १९६७', म्हणजे ब्रिटनची मोठी रॅली. ती रॅली झालीच नाही. इंग्लंडमध्ये गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरली होती, म्हणून ऐन तोंडावर रद्द केली. नाव नोंदवलेलं असू शकतं, पण यादीत 'सहावा क्रमांक' असं लिहिलं होतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: नंबर, शेल, इंजिन आणि कागद या चार वेगळ्या व्यक्ती समजायच्या आणि चौघांची जबानी वेगवेगळ्या खोलीत घ्यायची.

चूक दुसरी: आधी कळस, मग पाया

प्रत्येक नवखा शोध माँटे कार्लोपासून सुरू करतो. १९६५ चा बर्फ, मॅकिनेन, फोटो, आणि तिथून उडी थेट आपल्या गॅरेजमध्ये. मधली पन्नास वर्षं? "ती भरून काढू." ती कधी भरून निघत नाहीत.

शेतजमीन घेताना आपण काय करतो? आजचा सातबारा काढतो आणि तिथून एकेक फेरफार मागे जातो. गाडीचंही तेच. आजच्या मालकापासून सुरुवात करा. त्याने कोणाकडून घेतली, त्याच्या आधी कोण. जुन्या लॉगबुकांवर मालक बदलल्याचे कौन्सिलचे शिक्के असत, ते सोन्याहून मोलाचे. १९७४ पासून सगळ्या गाड्यांची नोंदणी वेल्समधल्या स्वान्सीच्या एकाच कचेरीत केंद्रित झाली आणि १९८३ पर्यंत ज्यांनी आपला नंबर संगणकावर चढवला नाही, त्यांचा नंबर खालसा झाला. पुढे कागद दाखवून परत मिळवता येतो. म्हणजे एखाद्या नंबरचं आयुष्य १९७० च्या आसपास तुटून वीस वर्षांनी पुन्हा उगवलं असेल, तर त्या सांध्यावरच बोट ठेवा. दुवा निखळला की तिथेच थांबायचं. उडी मारायची नाही.

माझ्याकडे शाळकरी दोनशे पानी वही असते. डाव्या पानावर 'सांगितलं', उजव्या पानावर 'पाहिलं'. विक्रेता बोलतो ते डावीकडे. ड्रायव्हर, मेकॅनिक, मेकॅनिकचा मुलगा, सगळे डावीकडे, कितीही गोड माणसं असोत. डोळ्यांनी पाहिलेला कागद, मोजलेला पत्रा, फोटो, हे उजवीकडे. संध्याकाळी डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं असेल, तर गाडी तशीच समजायची. काही हुशार मंडळी यासाठी एक्सेल वापरतात. वापरा बापडे. एक्सेलमध्ये दोन रकाने एका क्लिकने एक होतात, हे मी पाहिलंय.

चूक तिसरी: आधी पाना, मग कॅमेरा

एका मुलाने उत्साहाच्या भरात अख्खा शेल सँडब्लास्ट करून आणला. दिसत होता छान, नव्या स्टीलच्या पातेल्यासारखा. सगळे रंग, बुजवलेली भोकं, कुण्या मेकॅनिकने खडूने लिहिलेलं काहीबाही, सगळं वाळूबरोबर गेलं. त्याने विचारलं, "आता कसं ओळखायचं?" आता नाहीच. एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी दोनशे फोटो काढा, मोजपट्टी शेजारी धरून. कंटाळा येत असेल तर कॅरम खेळा, जुन्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणखी काही, भराभर

'मॅचिंग नंबर' इंजिनाचा, म्हणजे कारखान्यात त्याच गाडीत बसवलेल्या इंजिनाचा, हट्ट सोडा. रॅलीच्या गाडीचं इंजिन चपलांसारखं बदलायचे. उलट एखाद्या वर्क्स मिनीत कारखान्यातलं मूळ इंजिन साठ वर्षं टिकलं असेल, तर मला जास्त शंका येते. इंजिनाची क्षमता मात्र तपासा. कूपर एसच्या तिन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७०.६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वेगवेगळा: ९७० सीसीला ६१.९१, १०७१ ला ६८.२६ आणि १२७५ ला ८१.३३ मिमी. हेड उतरवा, मोजा. १९६४ ची माँटे जानेवारीत झाली आणि हॉपकर्कची गाडी १०७१ होती. १२७५ बाजारात त्यानंतर आली. तरी 'चौसष्टच्या माँटेचं १२७५ इंजिन' सांगणारे मला भेटलेत.

ॲबिंग्डनचा सुटा भाग दिसला म्हणजे ॲबिंग्डनची गाडी नव्हे. तिथल्या स्पेशल ट्यूनिंग विभागाकडून असले भाग कुणीही पैसे टाकून घेऊ शकत होता. घेतलेही भरपूर.

हेरिटेज सर्टिफिकेट नीट वाचा. गाडी कारखान्यातून कधी, कोणत्या रंगात, कुठे रवाना झाली, एवढंच ते सांगतं. ते जन्माचा दाखला आहे, चारित्र्याचा नव्हे. मोटर स्पर्धांची जागतिक संघटना एफआयए, तिचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्टही तसाच: गाडीची बांधणी त्या काळाच्या नियमात बसते, इतकाच त्याचा अर्थ. काल बांधलेल्या गाडीलाही तो मिळू शकतो.

ॲबिंग्डन आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे, पण १९७४ पर्यंत ते बर्कशायरमध्ये होतं. म्हणून तर नंबरांत जेबी, आरएक्स, एमओ, बीएल ही बर्कशायरची अक्षरं. चुकीच्या जिल्ह्याच्या दफ्तरात महिनाभर घालवलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. तो मीच.

नंबराच्या शेवटी वर्षाचं अक्षर नाही म्हणजे गाडी १९६३ च्या आधीची, हेही खोटं. अक्षरं १९६३ ला सुरू झाली, पण सगळ्या जिल्ह्यांना सक्तीची झाली १९६५ पासून. ३३ ईजेबी त्रेसष्टचीच, तरी अक्षर नाही.

निकालात नाव नाही म्हणून गाडी धावलीच नाही असं समजू नका. १९६६ च्या माँटेत पहिल्या तीन मिनी होत्या आणि तिन्ही दिव्यांच्या नियमावरून बाद झाल्या. विजय सिट्रोएनच्या पाउली टोइव्होनेनला गेला. निकालाबरोबर सहभागींची यादीही बघा.

सही पुरावा नाही. म्हातारे ड्रायव्हर फार प्रेमळ असतात. कोणी बॉनेट पुढे केलं तर त्यावरही सही करतात.

फोटोची मागची बाजू स्कॅन करा. पुढे काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं. मागे छायाचित्रकाराचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी चुकीचा मथळा खोडून केलेली दुरुस्ती असते. हे मुंबईकरांना खास सांगणं आहे. १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन मुंबईपर्यंत रस्त्याने आली आणि तिथून गाड्या 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेल्या. तुमच्या आजोबांनी तेव्हा गाड्यांचे फोटो काढले असतील, तर ते अल्बममधून चिमट्याने सोडवू नका, गोंदासकट स्कॅन करा. गाडी ओरखड्यांसकट, आणि तारीख जवळपास नक्की, असा पुरावा इंग्लंडमध्येही सहज मिळत नाही.

आणि आधीच पैसे दिले असतील तर?

रडू नका आणि कोर्टात धावू नका. आधी डावं-उजवं पान भरा. मग गाडी जी आहे ती म्हणून कागदावर आणा: 'अमुक साली नव्या शेलवर बांधलेली, नंबर मूळचा.' अशा गाडीलाही गिऱ्हाईक असतं, आणि तिच्याबद्दल कुणी काही उकरून काढू शकत नाही. डॉक्टरांनी हेच केलं. फाइलमधली ती यादी फाडली, जीर्णोद्धाराचं बिल सगळ्यात वर लावलं, आणि आता दर उन्हाळ्यात ती लाल मिनी जत्रेतल्या बैलासारखी सजवून मेळाव्यांना नेतात. पळते मात्र झकास.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. साब ९६ ही स्वीडिश गाडी मिळतेय म्हणाले. टू-स्ट्रोक, बासष्टची, एरिक कार्लसनच्या माँटे विजयाच्या वर्षातली.

मी विचारलं, "शेल बघितला?"

"अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "पण फाइल पाच इंच आहे."