सुई टोचण्याआधीची तयारी

नाईट ड्युटीला निघताना डबा, स्वेटर, चार्जर आपण आठवणीनं घेतो. पेशंटला वापरलेली सुई आपल्याला टोचलीच तर काय करायचं, हेही तसंच आधी ठरलेलं हवं. पहिलं काम आजच करा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस (0, 1 आणि 6 महिने) झालेत का ते बघा आणि अँटी-एचबीएस टायटर (लसीनं पुरेसं संरक्षण मिळालंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. आकडा 10 किंवा त्याच्या वर आला तर रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई टोचली तर लागणीची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते, एचआयव्हीची साधारण 0.3 टक्के असते. तरी लस मात्र आपण पुढे ढकलत राहतो.

मग पीईपीच्या, म्हणजे सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या रात्री कुठे मिळतात ते स्वतः जाऊन बघून या. एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) संध्याकाळी बंद होतं, म्हणून पहिला डोस कॅज्युअल्टीत किंवा लेबर रूममध्ये ठेवलेला असतो. कपाट कोणतं, किल्ली कुणाकडे, एक्स्पायरी काय, हे ठाऊक हवं. पहिली गोळी शक्यतो दोन तासांत पोटात गेली पाहिजे. 72 तास उलटले की तिचा उपयोग नाही.

हे मी इतकं बजावून सांगते ते आमच्या वॉर्डातल्या एका मावशींमुळे. पहाटे चादरी गोळा करताना चादरीत राहिलेली सुई त्यांच्या बोटात गेली. त्यांनी कापूस गुंडाळला, वर ग्लोव्ह चढवला आणि उरलेल्या खाटा उरकल्या. मला कळलं साडेनऊला, चहाचा कप डाव्या हातात दिसला म्हणून. "सिस्टर, तुमच्यावर बोलणं येईल म्हणून गप्प बसले." तोवर ती चादर कुठल्या खाटेवरची होती हे कुणालाच सांगता येईना. पेशंट सापडला असता तर त्याची संमती घेऊन तपासणी झाली असती आणि तो निगेटिव्ह निघता तर गोळ्या थांबवताही आल्या असत्या. मावशींना पूर्ण 28 दिवस घ्याव्या लागल्या. म्हणून ट्रेनिंगला आधी मावशी आणि वॉर्डबॉय बसवा, डॉक्टर नंतर. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 प्रमाणे पीईपी देणं हॉस्पिटलचं काम आहे, तिथे कुणी उपकार करत नाही, हेही त्यांना सांगा.

टोचल्याबरोबर हातातलं काम दुसऱ्याकडे द्या आणि नळाखाली साबणानं जखम धुवा. बोट पिळून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, ब्लीच चोळू नका. डोळ्यात रक्त उडालं तर पाण्यानं किंवा सलाईननं भरपूर धुवा. लेन्स असेल तर आधी डोळा धुवा, मग लेन्स काढा आणि पुन्हा धुवा. लगेच ड्युटी डॉक्टरांना सांगा, वेळ रजिस्टरला लिहा आणि स्वतःचं त्या दिवशीचं रक्त तपासायला द्या. हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीजच्या इंजेक्शनचं) विचारा, ते 24 तासांत मिळालेलं उत्तम. हिपॅटायटिस सीला अशी गोळी नाही, तिथे तपासण्या चुकवायच्या नाहीत एवढंच हातात असतं.

पुढच्या तपासण्या 6 आठवड्यांनी, 3 आणि 6 महिन्यांनी. तोवर रक्तदान नको, घरी कंडोम वापरा. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड चालू असेल तर काउन्सेलरला सांगा, डोल्युटेग्राव्हिर (पीईपीतलं एक औषध) त्यांच्यासोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. मावशींच्या तारखा मी माझ्या फोनमध्ये टाकल्या होत्या. तिन्ही वेळा आम्ही दोघी मिळून गेलो.