वायर व्हीलचे स्प्लाइन झिजलेत का ते कसं बघायचं

जुन्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वारची तारांची चाकं दिसायला फार देखणी, पण त्यांना नेहमीसारखे चार-पाच नट नसतात. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा सगळा जोर हबवरचे (हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) दाते आणि चाकाच्या आतले दाते झेलतात, तेच स्प्लाइन. स्पिनर, म्हणजे मधोमध असलेला एकच मोठा नट, नुसतं चाक दाबून धरतो. दाते पार गेले की त्या चाकाची ओढही गेली आणि ब्रेकही, म्हणून हे अंगावर काढू नका.

गाडी सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना खट्ट आवाज आला तर आधी मागची चाकं बघा, ओढ तिथेच लागते ना. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा, स्पिनर घट्ट आहे याची खात्री करा, मग हँडब्रेक करकचून ओढून चाक दोन्ही हातांनी पुढेमागे फिरवायचा प्रयत्न करा. हब ब्रेकने धरलेला असतो, त्यामुळे चाक खटखट हललं तर प्ले (ढिलेपणा) बहुतेक स्प्लाइनमध्येच. जॅग्वार ई-टाइपला मात्र फसू नका, तिचे मागचे ब्रेक आत डिफरन्शियलजवळ (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) आहेत म्हणजे शाफ्टच्या क्रॉसचा (वळणाऱ्या जोडाचा) प्लेही त्यात मिसळतो, तिथे हब हलतोय की हबवर चाक हलतंय हे नीट बघायला लागतं. पुढची चाकं अशीच तपासताना कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा.

आता चाक काढा. या ब्रिटिश गाड्यांना डावीकडे साधे आटे, उजवीकडे उलटे, गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच दिशेला स्पिनर सुटतो. जुनं ग्रीस पुसून ब्रशने दाते स्वच्छ करा, मळ असला की काही कळत नाही. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, झिजलेला करवतीसारखा टोकदार होतो, बोट फिरवलं की लगेच समजतं. लालसर तपकिरी पावडर दिसली तर दाते कोरडे घासतायत. हबच्या आतल्या टोकाला चाक न पोचलेला भाग असेल तर तिथला दाता मूळ आकाराचा राहतो, त्याच्याशी बाकीचे ताडून बघा, पायरी दिसली की झीज किती ते डोळ्यासमोर येतं. चाकाच्या आत टॉर्च मारून बघायला विसरू नका.

दाते टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला. नव्या हबवर झिजलेलं चाक चढवलंत तर नवा हबही लवकर खाल्ला जातो, इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. दाते ठीक असतील तर त्यांना आणि आट्यांना पातळ ग्रीस लावून चाक बसवा, स्पिनर नीट ठोकून आवळा, आणि थोडी गाडी चालवून आल्यावर परत एकदा आवळून बघा.